घोडा मसाला

रात्री साडेदहाच्या सुमारास मामा-मामी निजले की मी लॅपटॉप उघडायचे. तंजावरला मेल वीथीच्या मागे एका गल्लीत मामाचं घर आहे. पुढे तिण्णै, म्हणजे बाहेरची ओटी, मग एकामागे एक लांबच लांब खोल्या आणि मधे आकाश दिसेल असा चौक. त्या चौकाच्या कडेला चटई टाकून, खांबाला पाठ लावून मी बसायचे. मार्गळीचा महिना होता. पहाटे साडेचारला कोपऱ्यावरच्या देवळातला कर्णा सुरू व्हायचा, पाचला मामी दारात सडा घालून कोलम काढायला बसायची. त्यामुळे खेळायला जेमतेम दीड-दोन तास मिळत. तेवढ्यात दोन-तीन शब्द कळले तर कळले.

शब्द म्हणतेय, कारण खेळच शब्दांचा होता. मी काही व्हिडिओ गेम खेळणारी बाई नाही. माझा पंधरा वर्षांचा मुलगा खेळतो. मी पुण्याहून निघायच्या आदल्या रात्री त्याने न विचारता तो खेळ माझ्या लॅपटॉपवर टाकून ठेवला. ‘यात गोळ्या मारायच्या नाहीत,’ तो म्हणाला. ‘नुसतं फिरायचं आणि वाचायचं. तुला जमेल.’ माझी आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मला रात्रीची झोप लागत नाही हे त्याला माहीत होतं. त्यावर त्याच्याकडे जो उपाय होता तो त्याने दिला.

खेळाचं नाव ‘चांट्स ऑफ सेनार’. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या रंडिस्क नावाच्या छोट्या कंपनीने तो केला आणि २०२३ मध्ये तो बाजारात आला. बायबलात बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट आहे: माणसं स्वर्गापर्यंत मनोरा बांधायला निघतात, देव त्यांच्या भाषा वेगवेगळ्या करून टाकतो आणि कुणाचं कुणाला कळेनासं होतं. ही गोष्ट जिथे घडते त्या प्रदेशाचं नाव सेनार. खेळात तो मनोरा उभा आहे, आणि त्याच्या एकेका मजल्यावर एकेक लोक राहतात. खाली भक्त, त्यांच्यावर योद्धे, त्यांच्यावर गायक-कलावंत, आणि आणखी वर आणखी कुणी. प्रत्येकाची भाषा निराळी, लिपी निराळी. आपण म्हणजे डोक्यावरून झगा ओढलेला एक बिनचेहऱ्याचा प्रवासी. तो तळाशी एका दगडी पेटीतून उठतो आणि त्याला कुणाचंच काही कळत नसतं.

सुरुवातीला मला आवडला तो त्यातला शांतपणा. पिवळ्या-केशरी भिंती, लांब सावल्या, पायऱ्या, पाण्याचा आवाज. कुणी समोर आलं की त्याच्या डोक्यावर चार खुणा उमटतात. तेच त्याचं बोलणं. एक खूण म्हणजे एक शब्द. प्रवाशाजवळ एक वही असते. पुरेशा खुणा पाहून झाल्या की वहीच्या पानावर चित्रं येतात: दार, रोप, हात उंचावलेला माणूस. कोणत्या चित्राला कोणती खूण, ते लावायचं. पानावरच्या सगळ्या खुणा बरोबर लागल्या तरच खेळ ते मान्य करतो. एक चुकली असेल तर कोणती चुकली ते सांगत नाही, गप्प बसतो. तोपर्यंत आपला अंदाज खुणेखाली टाइप करून ठेवायची सोय आहे.

पहिल्या रात्री मी काहीच टाइप केलं नाही. चुकलं तर, म्हणून. दुसऱ्या दिवशी फोनवर मुलगा म्हणाला, ‘आई, चूक असलं तरी लिही. नंतर खोडता येतं. नाही लिहिलंस तर पुढे जाताच येणार नाही.’ त्याचा सूर समजावणीचा होता. हसण्याचा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे येणार आहे.

तंजावरला मी आले होते ती एका वहीसाठी. आईच्या कपाटात, नऊवारी नव्हे, कांजीवरमच्या घड्यांखाली, निळ्या पुठ्ठ्याची लांबट हिशेबाची वही सापडली. आतलं सगळं तमिळ अक्षरांत. आम्हाला कुणालाच वाचता येईना. बाबा म्हणाले, ‘तिचं तमिळ काहीतरी असेल. मामाला नेऊन दे.’ आमच्या घरात आईचं जे काही आम्हाला कळत नसे त्याला ‘तिचं तमिळ’ म्हणायची पद्धत होती.

आई तंजावरच्या मराठी कुटुंबातली. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी उरलंसुरलं राज्यही खालसा केलं. या पावणेदोनशे वर्षांत राजांबरोबर आणि राजांमागून कारकून, पंडित, हरदास, शिपाई, आचारी असे कितीतरी लोक इकडे आले, आणि राज्य गेल्यावरही इथेच राहिले. शाळा तमिळ, बाजार तमिळ, घरात मराठी. आईचं लग्न नात्यातल्या कुणीतरी जमवलं आणि १९८१ मध्ये ती सदाशिव पेठेत आली. तिला वाटलं होतं की आपण मराठी मुलखात चाललोय, आता भाषेची अडचण संपली. पेठेने तिला ‘मद्रासी’ ठरवायला आठवडासुद्धा लावला नाही.

मामा पोस्टातून निवृत्त झालाय. आयुष्यभर वेड्यावाकड्या अक्षरांतले पत्ते वाचले, याचा त्याला अभिमान आहे. मी पोचले त्या दुपारी कॉफीचा डबरा बाजूला सारून त्याने चष्मा लावला, वही मधेच कुठेतरी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. ‘चपाती. पोळी.’ पुढची ओळ. ‘पोळी. पुरणपोळी.’ पुढची. ‘पचडी. कोशिंबीर.’ मग तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हे तमिळ नव्हे गं. हे आपलंच.’

आईने तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं होतं. तिला दुसरी लिपी येतच नव्हती. शाळेत तीच शिकली होती. तंजावरकडच्या मराठी घरांत हे नवलाचं नाही, मामीचं वाणसामानही तसंच लिहिलेलं असतं. नवल मला वाटलं. बेचाळीस वर्षं आम्ही ज्याला ‘तिचं तमिळ’ म्हणत होतो ते आमच्याच स्वयंपाकघरातलं मराठी होतं, आणि ते शब्दकोशासारखं दोन रकान्यांत मांडलेलं होतं. डावीकडे तिच्या माहेरचा शब्द, उजवीकडे पुण्याचा. आमच्याकडे ‘होणा’, यांच्याकडे ‘पाहिजे’. त्याच्याखाली नंतर, निराळ्या शाईत, ‘हवं’. पहिल्या ओळीची गोष्ट मला ठाऊक होती, ती आमच्या घरात विनोद म्हणून सांगत. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी आजी म्हणाली, ‘रोज सकाळी पोळ्या करायच्या.’ आईच्या माहेरी पोळी म्हणजे पुरणाची, रोजची ती चपाती. ती घाबरली, रोज पुरण वाटायचं? भीत भीत विचारलं, ‘रोज?’ आजी म्हणाली, ‘मग काय सणाला?’ सगळे हसायचे. आईही हसायची. वहीतली पहिली ओळ तीच होती.

मामा रोज दुपारची झोप झाली की तिण्णैवर बसून दोन-तीन पानं वाचायचा. मी देवनागरीत उतरवून घ्यायचे. पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर आहे. तसंच ट-ठ-ड-ढ, त-थ-द-ध, प-फ-ब-भ यांचं. तमिळ बोलणाऱ्याला काही अडत नाही, शब्दात अक्षर कुठे आलंय त्यावरून उच्चार ठरतो: आरंभी कठोर, दोन स्वरांच्या मधे मृदू. मराठीला मात्र चारही लागतात. मामा तमिळ सवयीने वाचायचा आणि मग मराठी शोधायचा. एका पाककृतीत तो जोरात म्हणाला, ‘मग पादाला पोडणी द्यायची.’ आतून मामीने विचारलं, ‘कुणाला?’ भाताला फोडणी. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले.

‘कोडा मसाला’वर मात्र दोघंही अडलो. डावा रकाना रिकामा होता. उजवीकडे नुसता हा शब्द. मामाने सगळे पर्याय करून पाहिले. कोडा, खोडा... ‘घोडा मसाला! पुण्यात घोड्यांना मसाला घालतात का?’ सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला गोडा मसाला ओळखायला इतका वेळ लागावा याची मला लाज वाटली, पण ‘घोडा’ एकदा कानात बसला की दुसरं ऐकूच येत नाही.

रात्री खेळातही माझं असंच चाललं होतं. एका खुणेला मी ‘माणूस’ धरून बसले होते आणि ती होती ‘मी’. त्यामुळे भेटेल तो माझ्याशी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटायचं. भक्तांच्या भाषेत अनेकवचन म्हणजे तीच खूण दोनदा. हे कळलं तेव्हा मी अंधारात एकटीच ‘हां!’ म्हणाले. आपल्या घरोघर, दारोदारची आठवण झाली. योद्ध्यांच्या मजल्यावर पहारेकऱ्यांपासून लपत जायचं असतं. तो भाग मला मुळीच आवडला नाही, माझी बोटं तेवढी चपळ नाहीत. पकडलं गेलं की पुन्हा दारापासून. शब्दांचा खेळ चांगला चाललेला असताना ही पळापळ कशाला घातली, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘नाहीतर बोअर होतं.’ मला होत नव्हतं.

एक गोष्ट मला चौथ्या-पाचव्या रात्री ध्यानात आली. अंदाज टाइप करायच्या जागेत मी मराठी शब्द लिहीत होते, पण रोमन अक्षरांत. दाराच्या खुणेखाली मी डी-ए-आर लिहिलं होतं. व्हिडिओ कॉलवर मुलाने ते पाहून विचारलं, ‘डर? भीती?’ त्याने हिंदी वाचलं. दुसऱ्या खुणेखाली एम-ए-एल-ए होतं आणि ते ‘मला’ होतं की ‘माळा’ हे माझं मलाच सांगता येईना. परक्या लिपीत आपली भाषा कोंबून लिहायची, आणि नंतर आपलंच वाचताना अडखळायचं. आईची निळी वही तिथे शेजारीच पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तमिळ अक्षरं शिकायला लागले. बसच्या पाट्यांवरून. जुन्या बस स्टँडवर उभं राहिलं की तंजावूर, कुंभकोणम, तिरुची अशा पाट्या येत-जात राहतात. नाव आधीच माहीत असतं, अक्षर नंतर कळतं. कुंभकोणमची पाटी वाचताना पहिल्यांदा डोळ्यांनी पटलं की हा भ म्हणजे प-चंच अक्षर आहे.

मामाने मग मला हट्टाने मोठ्या देवळात नेलं. ‘तुला अक्षरांचं वेड लागलंय तर बघून घे,’ म्हणाला. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरच्या वर उंच. खाली उभं राहून वर बघताना मला साहजिकच तो खेळातला मनोरा आठवला. पाया फिरून बघावा तर सगळीकडे कोरीव तमिळ अक्षरं: कुणी किती सोनं दिलं, किती दिवे लावायचे, देवळाच्या चारशे नर्तकींची नावं, त्यांच्या घरांच्या पत्त्यांसकट. मी मामाला म्हटलं, वाच. त्याने हात झटकला. हजार वर्षांपूर्वीची अक्षरवळणं त्यालाही येत नाहीत. मग तो मला आवाराच्या नैऋत्येला घेऊन गेला. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांचा इतिहास आहे. जगातल्या सगळ्यांत लांब कोरीव लेखांत त्याची गणना करतात. मराठी. देवनागरी. इथे माझी पाळी होती. मी नाक लावून वाचायला लागले आणि शब्द सुटत गेले. सगळे नाही, पण बरेच. मामा बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याला बोलीतलं मराठी माझ्याइतकं येतं, ही भिंत मात्र तो सत्तर वर्षं नुसती पाहत आलाय. ‘अम्मा, ते हिंदी आहे का?’ एका यात्रेकरू बाईने मला तमिळमध्ये विचारल्याचं मामाने सांगितलं. तो तिला म्हणाला, ‘नाही, आमचं आहे.’

येताना राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात डोकावलो. तिथे मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या वर आहेत आणि दरबारी मोडी कागद वेगळे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वाचणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं. त्यातल्या कितीतरी कागदांचं तमिळ भाषांतर इथल्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये खंडांत छापलं, म्हणजे आज तंजावरच्या मराठी दरबाराचे हिशेब वाचायचे तर तमिळ येणं सोयीचं. मामा म्हणाला, आमच्याही माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं होतं, वाळवीने खाल्लं. हे त्याने ‘आज दूध नासलं’ अशा सुरात सांगितलं.

वहीत आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे आम्ही दोघांनी दुर्लक्ष केलं होतं. काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक अंक होते. हिशेबाची वही, तेव्हा मी ते भाव समजले होते. मामाला वाटलं, वजनं. आता मला अक्षरं येत होती आणि रोज रात्री खुणा जुळवायची सवय लागली होती. मी कागदावर तक्ता केला. कोणत्या अक्षरावर अंक येतो, कोणत्यावर नाही. संध्याकाळपर्यंत एवढं दिसलं की अंक फक्त २, ३ आणि ४ आहेत. पाच कधीच नाही, एकही नाही. आणि ते म, न, र, ल, व यांच्यावर कधी येत नाहीत. येतात ते क-चा, ट-चा, त-चा, प-चा आवाज असलेल्या अक्षरांवरच. मी हे मामाला सांगत होते. मामी पलीकडे केळफूल सोलत बसली होती. हातावर तेल चोपडलेलं, तशीच उठली, देवघरातून एक जुनं पुस्तक दोन कोपरांत धरून आणलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. विष्णुसहस्रनाम, तमिळ लिपीत छापलेलं. संस्कृत स्तोत्रं तमिळ अक्षरांत छापताना उच्चार चुकू नयेत म्हणून अक्षरावर अंक देतात. क नुसता, ख म्हणजे २, ग म्हणजे ३, घ म्हणजे ४. ‘तुझ्या मामाला पाठ आहे ना सगळं,’ मामी म्हणाली, ‘पुस्तक कोण उघडतो?’

‘कोडा’वर ३ होता. गोडा. घोड्याला तीन दिवस उगीच राबवलं होतं.

त्या रात्री मी खेळ उघडला नाही. दिवा जवळ ओढून वही पहिल्यापासून, अंकांसकट, स्वतः वाचायला घेतली. पहिल्या पानांवर अंक दाट होते. धुणं, भाकरी, खिडकी, झाकण. एकेक शब्द पुण्याच्या तोंडात कसा फुटतो ते तिने टिपून ठेवलेलं. आईच्या बोलण्यात ख, घ, ध, भ हे जड वर्ण हलके होऊन यायचे. भाताचा बात व्हायचा. ती ते ऐकत होती, तिला फरक कळत होता, आणि ती स्तोत्राच्या पुस्तकातली खूण घेऊन त्यावर काम करत होती.

मधे एक पान होतं. वर १९९२, जून. खाली एकच ओळ सात वेळा, शाळेत शुद्धलेखन घालतात तशी. ‘भात वाढू का.’ प्रत्येक ओळीत भ-वर ४, ढ-वर ४. सात ओळींत चौदा अंक.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. शाळा सुरू झाली होती, नवीन मैत्रीण पहिल्यांदा घरी जेवायला आली होती. आईने तिच्या पानाशी वाकून विचारलं, ‘बात वाडू का?’ मैत्रीण हसली. वाईट मुलगी नव्हती, नुसती हसली. मी आईला म्हटलं, ‘भात. वाढू. आई, नीट बोल ना!’ नंतर ओट्याशी जाऊन हेही म्हटलं की माझ्या मैत्रिणी आल्या की तू बोलू नकोस. यातलं पहिलं वाक्य मला कायम आठवत होतं. दुसरं मी विसरले होते, ते त्या पानावर आठवलं. त्यानंतर मैत्रिणी आल्या की आई ताट वाढून आत जायची आणि मला वाटायचं, हिला माणसं आवडत नाहीत.

सकाळी मामीने डोळे बघून विचारलं, ‘रात्रभर खेळलीस?’ मी हो म्हटलं.

खेळ मी संपवला तो निघायच्या दोन दिवस आधी. शेवटाकडे प्रवाशाला निराळंच काम मिळतं. वेगवेगळ्या मजल्यांवरचे दोघं समोरासमोर येतात आणि एकाचं बोलणं आपण दुसऱ्याच्या भाषेत मांडायचं. तोवर सगळ्यांचे शब्द आपल्याला कळलेले असतात, आणि कोण कुणाला काय म्हणतं तेही. योद्धे खालच्या भक्तांना ‘अपवित्र’ म्हणतात आणि वरच्यांना ‘निवडलेले’. भक्तांना याचा पत्ताही नसतो. मला हे फार ओळखीचं वाटलं. गायकांच्या वाक्यात शब्दांचा क्रमच पालटतो, तिथे मी दोन रात्री अडले. तंजावरचे शहाजीराजे (हे सतराव्या शतकाच्या अखेरीचे) यांचं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक आहे, त्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. त्यांच्या दरबारात हे बघायला बसणाऱ्याला पाचही कळत असणार, निदान कळल्यासारखं दाखवावं लागत असणार. मामाला मी खेळाचा शेवट दाखवला. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हे दुभाष्याचं काम करायला लोक पैसे देतात?’

वहीच्या शेवटच्या भागात अंक उरले नव्हते. रकानेही नव्हते. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, माझा ताप, मधेच एखादं वाक्य. बहुधा आता तिला उच्चार टिपायची गरज नव्हती. किंवा कंटाळली असेल. एका पानावर, दूध एक लिटर आणि ‘रात्री पाऊस’ यांच्या मधे, एक ओळ आहे: ‘सगळे निजल्यावर मी ...ते.’ गाळलेल्या जागी तमिळ क-चं अक्षर, त्याला काना. वर अंक नाही. गाते, किंवा खाते.

मामा म्हणाला, ‘गाते. अर्थात गाते.’ लग्नाआधी ती शेजारच्या गल्लीत एका बाईंकडे गाणं शिकायची, वर्णम् पर्यंत पोचली होती, लग्न ठरलं तेव्हा बाई रडल्या होत्या. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईला गाताना मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आरतीत ती टाळ्या वाजवायची.

मामी म्हणाली, ‘खाते. दुसरं काय?’ ती एकदा पुण्याला आमच्याकडे आठ दिवस राहिली होती. ‘सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभ्यानं. मी पाहिलंय ना.’

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘तोच शब्द दुसरीकडे कुठे आलाय ते शोध. दोन ठिकाणी चालला पाहिजे.’ शोधला. आणखी एकाच ठिकाणी होता, तोही अंकाविना: ‘मुलगी नीट ...त नाही.’ मी जेवायला त्रास देणारी पोर होते. आणि शाळेच्या समूहगानातून मला काढलं होतं. मुलगा फोनवर पोट धरून हसला, मग म्हणाला, ‘सॉरी.’

उळवन एक्सप्रेसने रात्री निघाले. मामीने डब्यात दिलेल्या पोळ्या पुरणाच्या होत्या, त्यांना ती नुसतं पोळ्याच म्हणाली. पुण्यात आल्यावर बाबांना विचारलं, आई गायची का? ते खूप वेळ विचार करत बसले. ‘तुझी आई? नाही बुवा.’ मग थोड्या वेळाने, ‘मी लवकर झोपायचो.’

आता मी वहीची देवनागरी प्रत करतेय. बाबांना आणि मुलाला वाचता यावी म्हणून. बहुतेक काम झालंय. तमिळ अक्षरांत ते वाक्य दोन्ही अर्थांनी तसंच राहू शकत होतं. देवनागरीत उतरवायचं तर ग लिहावा लागतो किंवा ख. कंसात दुसरा पर्याय देऊन पाहिला, तो फारच परीक्षेच्या पुस्तकासारखा दिसला. शेवटी त्या एका जागी मी आईचं तमिळ अक्षर जसंच्या तसं काढलंय. वळण नीट येईपर्यंत आधी रद्दी कागदावर सात-आठदा गिरवलं.